सही नसलेला करार

करार, मसुदा, कलम, मुदत, जामीन, सही, दस्तऐवज, वकील. दोन सत्तांची बोलणी सुरू झाली की मराठीला लागणारे हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. पेशवाईत परदरबारी नेमलेल्या प्रतिनिधीला वकीलच म्हणत. ज्या भाषेच्या वाटेने हे शब्द आपल्या घरात आले, ती फारसी बोलणाऱ्या इराणने आपल्या अणुकार्यक्रमाबाबत गेल्या पन्नास वर्षांत जगाशी अनेक करार केले. त्यांतला कोणताही फार काळ टिकला नाही. काही इराणने मोडले, काही समोरच्यांनी मोडले, तर काही दोघांनी मिळून मोडले. असे का झाले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

हा विषय घेण्यामागे आमचा एक जुना हिशेबही आहे. २००३ नंतरची वर्षे आठवा. इराकवर हल्ला झाला होता आणि ज्या महासंहारक अस्त्रांचे निमित्त सांगितले गेले ती सापडत नव्हती. अशा वेळी अमेरिकेसमोर ताठ उभा राहणारा कोणीही आमच्यापैकी अनेकांना आपला वाटत होता. इराणने जगापासून काय लपवले, हे विचारावेसे आम्हाला वाटले नाही. दुसरीकडे ‘मुल्लांचा बॉम्ब’ म्हणून ओरडणाऱ्यांना इराणशी कोण कसे वागले, हे विचारावेसे वाटले नाही. दोन्हीकडच्यांनी अर्धाच इतिहास वाचला. आज थोडे अंतर पडले आहे, तेव्हा दोन्ही अर्धे एकत्र ठेवून पाहायला हरकत नाही.

शहाची भट्टी

इराणच्या अणुकार्यक्रमाचा पाया मौलवींनी घातला नाही. तो शहा मोहम्मद रझा पहलवी यांच्या काळात, अमेरिकेच्या मदतीने घातला गेला. ऑगस्ट १९५३ मध्ये पंतप्रधान मोहम्मद मोसद्देक यांचे सरकार अमेरिकी व ब्रिटिश गुप्तचर यंत्रणांच्या हातभाराने उलथवण्यात आले. इराणी तेलाचे राष्ट्रीयीकरण हा त्यांचा अपराध. त्याच वर्षी ८ डिसेंबरला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ‘शांततेसाठी अणू’ हे गाजलेले भाषण केले. त्या योजनेखाली १९५७ मध्ये अमेरिका आणि इराण यांच्यात अणुसहकार्याचा करार झाला आणि १९६७ मध्ये तेहरानमध्ये ५ मेगावॅटची संशोधन अणुभट्टी सुरू झाली. भट्टी अमेरिकेची आणि तिचे इंधनही अमेरिकेचे. आज ऐकून आश्चर्य वाटेल, पण हे इंधन ९० टक्क्यांहून अधिक समृद्ध केलेले, म्हणजे बॉम्बच्या दर्जाचे युरेनियम होते.

१ जुलै १९६८ रोजी अण्वस्त्र प्रसारबंदी करार सह्यांसाठी खुला झाला आणि त्याच दिवशी इराणने त्यावर सही केली. भारताने, पाकिस्तानने आणि इस्रायलने ती कधीच केली नाही. या करारात दोन वचने आहेत. अण्वस्त्रे नसलेली राष्ट्रे ती मिळवणार नाहीत. त्याबदल्यात शांततेसाठी अणुशक्ती वापरण्याचा त्यांचा हक्क अबाधित राहील आणि अण्वस्त्रधारी पाच राष्ट्रे निःशस्त्रीकरणाच्या दिशेने बोलणी करतील. पहिल्या वचनाच्या पालनासाठी तपासनीस आहेत, दुसऱ्यासाठी नाहीत. पुढचा बराचसा वाद या असमानतेतून उगवला.

१९७४ मध्ये तेलाचा पैसा हातात येताच शहाने २३,००० मेगावॅट अणुवीज उभारण्याचा कार्यक्रम जाहीर केला. बुशहरच्या किनाऱ्यावर एका जर्मन कंपनीने दोन भट्ट्यांचे काम सुरू केले. फ्रान्समधल्या ‘युरोडिफ’ या समृद्धीकरण प्रकल्पासाठी शहाने १ अब्ज डॉलरचे कर्ज दिले आणि तिथल्या उत्पादनाच्या १० टक्क्यांवर इराणचा वाटा ठरला. मात्र अमेरिकेशी तेव्हाही खटके उडत होते. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढण्याचा निर्णय कोणाचा, यावर शहाचे अधिकारी अडून बसले होते. आमचा हक्क कोणाला विचारून वापरायचा, हा इराणी प्रश्न क्रांतीहून जुना आहे.

१९७९ ची क्रांती झाली आणि सगळे थांबले. सुरुवातीला नव्या राजवटीलाच या महागड्या प्रकल्पांत रस नव्हता. पण पुढे रस वाटू लागला तेव्हा दारे बंद झाली होती. जर्मन कंपनी बुशहरला परतली नाही. युरोडिफमध्ये पैसा गुंतला होता, पण तिथून समृद्ध युरेनियम इराणला मिळाले नाही. त्या पैशाचा तंटा १९९१ पर्यंत चालला. १९८० ते १९८८ या युद्धात इराकने बुशहरवर अनेकदा बॉम्ब टाकले. २८ जून १९८७ रोजी इराकी विमानांनी सरदश्त या इराणी गावावर विषारी वायूचे बॉम्ब टाकले, त्यात शंभरावर नागरिक गेले. रासायनिक अस्त्रांना बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९२५ पासून होता. तो सरदश्तच्या उपयोगी पडला नाही. आपल्यावर वेळ आली तर कोणताही कागद आपल्याला वाचवणार नाही, ही इराणी राज्यकर्त्यांची समजूत या आठ वर्षांत पक्की झाली.

तारापूरचा धडा

इंधन दुसऱ्याच्या हाती असणे म्हणजे काय, हे कळण्यासाठी मराठी वाचकाने इराणपर्यंत जायची गरज नाही. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरचे अणुवीज केंद्र १९६३ च्या भारत-अमेरिका करारातून उभे राहिले आणि १९६९ मध्ये सुरू झाले. करारानुसार समृद्ध युरेनियम अमेरिका पुरवणार होती. मे १९७४ मध्ये भारताने पोखरणला अणुस्फोट केला. १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नवा कायदा केला. ज्या देशाचे सर्व अणुप्रकल्प आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत, त्याला इंधन द्यायचे नाही, अशी त्यात अट होती. तारापूरचा पुरवठा अडखळत गेला आणि शेवटी थांबला. १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधन घेण्याची तोड निघाली.

भारताने करार मोडला, असे अमेरिकेतले काही लोक म्हणत. अमेरिकेने घरचा कायदा बदलून शब्द फिरवला, असे भारत म्हणत असे. दोन्ही बाजूंत तथ्य होते. पण तारापूरच्या अभियंत्यांना जो धडा मिळाला तोच तेहरानमध्येही गिरवला गेला: इंधन स्वतःला बनवता आले पाहिजे. फरक इतकाच, की भारताने प्रसारबंदी करारावर सही केलेली नव्हती आणि इराणने ती केली होती. सही करणाऱ्याने लपवाछपवी केली तर त्याला जाब द्यावा लागतो.

नातान्झचे तळघर

आणि इराणने लपवाछपवी केलीच होती. १४ ऑगस्ट २००२ रोजी इराणी सरकारविरोधी निर्वासितांच्या एका संघटनेने वॉशिंग्टनमध्ये जाहीर केले, की नातान्झ आणि अराक इथे गुप्त अणुप्रकल्प उभे राहत आहेत. फेब्रुवारी २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद एल बरादेई स्वतः नातान्झला गेले. जमिनीखाली प्रचंड दालने खोदलेली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अहवालात संस्थेने नोंदवले, की इराण १८ वर्षे सेंट्रिफ्यूजद्वारे समृद्धीकरणाचे तंत्र विकसित करत होता आणि त्याने ते कळवले नव्हते. १९९१ मध्ये चीनकडून आणलेले नैसर्गिक युरेनियमही त्याने जाहीर केले नव्हते. यंत्रांचे आराखडे आणि सुटे भाग पाकिस्तानच्या अब्दुल कादीर खान यांच्या जाळ्यातून आले होते.

इथे समृद्धीकरणाची गोष्ट थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण सगळा वाद तिच्याभोवती आहे. खाणीतल्या युरेनियममध्ये उपयोगी प्रकारचे अणू जेमतेम ०.७ टक्के असतात. वेगाने फिरणाऱ्या नळकांड्यांतून, म्हणजे सेंट्रिफ्यूजमधून, त्याचा वायू पुन्हा पुन्हा फिरवला की हे प्रमाण वाढत जाते. ३ ते ५ टक्क्यांवर वीज तयार होते. ९० टक्क्यांच्या आसपास बॉम्ब तयार होतो. यंत्रे तीच आणि वायूही तोच. फरक पडतो तो मनातल्या इराद्याने, आणि इरादा मोजायचे यंत्र कोणाकडे नाही. म्हणून या वादात ‘विश्वास’ या शब्दाला एवढे मोल आले.

इराणचे म्हणणे असे होते, की आम्ही उघडपणे मागितले असते तर कोणी दिले नसते, म्हणून लपवले. ते खोटे नव्हते. पण त्यातून एक गोष्ट सुटत नाही: लपवणाऱ्याला पुढे खरे बोलतानाही दुप्पट पुरावा द्यावा लागतो. इराणने पुढची वीस वर्षे हा दुप्पट पुरावा अर्धाच दिला.

सादाबादचा राजवाडा

२१ ऑक्टोबर २००३ रोजी ब्रिटनचे जॅक स्ट्रॉ, फ्रान्सचे दोमिनिक द व्हिलपँ आणि जर्मनीचे योश्का फिशर हे तीन परराष्ट्रमंत्री तेहरानला आले. शहाच्या जुन्या सादाबाद राजवाड्यात त्यांची बोलणी हसन रुहानी यांच्याशी झाली. बाजूच्याच देशात अमेरिकेची फौज होती. इराणने समृद्धीकरण काही काळ थांबवण्याचे आणि जादा तपासणीच्या पूरक करारावर सही करण्याचे मान्य केले. ती सही १८ डिसेंबरला झालीही.

वाद लगेच सुरू झाला. ‘थांबवणे’ म्हणजे नेमके काय? यंत्रे फिरवायची नाहीत, की बनवायचीही नाहीत? इराणने शब्दाचा अरुंद अर्थ घेतला, युरोपने रुंद घेतला. १५ नोव्हेंबर २००४ रोजी पॅरिसमध्ये नवी समजूत झाली. या वेळी सगळेच थांबवायचे ठरले, पण स्वेच्छेने, कायद्याचे बंधन म्हणून नव्हे. त्याबदल्यात कार्यक्रम शांततेसाठीच असल्याची वस्तुनिष्ठ हमी कशी द्यायची, यावर चर्चा होणार होती. मार्च २००५ मध्ये इराणने टप्प्याटप्प्याचा प्रस्ताव ठेवला. त्यात कडक तपासणीखाली नातान्झमध्ये सुमारे ३,००० सेंट्रिफ्यूज बसवण्याचा टप्पा होता. अमेरिकेची भूमिका मात्र एकही सेंट्रिफ्यूज नको अशी होती आणि युरोपला तिच्यापलीकडे जाता येत नव्हते. ऑगस्टमध्ये युरोपने आपला प्रस्ताव दिला: व्यापार, सहकार्य सर्व काही मिळेल, पण इंधननिर्मिती सोडा. इराणने तो धुडकावला आणि इस्फहानचा कारखाना पुन्हा सुरू केला.

तोवर महमूद अहमदीनेजाद राष्ट्राध्यक्ष झाले होते. रुहानी पायउतार झाले. त्यांच्या टीकाकारांपैकी अली लारीजानी यांनी पॅरिसच्या समजुतीची संभावना आधीच केली होती: मोती दिला आणि लिमलेटची गोळी घेतली. समेट करणाऱ्याची घरातच थट्टा झाली. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण पुढे प्रत्येक टप्प्यावर हेच घडले. ऑक्टोबर २००९ मध्ये इंधनाच्या अदलाबदलीचा सौदा अहमदीनेजाद यांना मान्य होण्यासारखा होता. तेव्हा त्यांचे विरोधक, सुधारणावादी मीर हुसेन मुसावीही त्यांत, त्याविरुद्ध उभे राहिले. मे २०१० मध्ये ब्राझील आणि तुर्कस्तान यांनी मध्यस्थी करून जवळपास तोच सौदा तेहरानकडून मिळवला. इराणने १,२०० किलो कमी समृद्ध युरेनियम तुर्कस्तानात ठेवायचे कबूल केले. या वेळी अमेरिकेने तो उशिरा आणि अपुरा म्हणून बाजूला सारला आणि जूनमध्ये सुरक्षा परिषदेने नवे निर्बंध लादले.

भारताचे मत

या काळात भारत प्रेक्षक राहिला नाही. १८ जुलै २००५ रोजी वॉशिंग्टनमध्ये मनमोहनसिंग आणि जॉर्ज बुश यांनी नागरी अणुसहकार्याची घोषणा केली. दोन महिन्यांनी, २४ सप्टेंबरला, व्हिएन्नात अणुऊर्जा संस्थेच्या नियामक मंडळाने इराणने तपासणी कराराचे पालन केले नाही असा ठराव केला. २२ बाजूने, १ विरुद्ध, १२ तटस्थ. भारत त्या २२ मध्ये होता. ४ फेब्रुवारी २००६ रोजी प्रकरण सुरक्षा परिषदेकडे कळवण्याच्या ठरावावरही भारताने बाजूने मत दिले. डाव्या पक्षांनी आणि अनेक मुस्लिम संघटनांनी तीव्र निषेध केला.

आमचे तेव्हाचे बोलणे भावनेचे होते. भारताने एका मित्रदेशाला सोडले, एवढेच आम्हाला दिसले. आज पाहता खरा मुद्दा वेगळा होता. प्रसारबंदी करारावर सही न केलेल्या भारताला २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांनी खास सवलत दिली आणि तारापूरचा जुना अडसर दूर झाला. सही केलेल्या इराणवर निर्बंध आले. इराणने नियम मोडले होते, म्हणून ते आले, हे खरेच. पण जगाला यातून कोणता संदेश गेला? नियमाबाहेर राहून बॉम्ब बनवणाऱ्याशी कालांतराने सौदा होतो आणि नियमात राहून लपवणाऱ्याला शिक्षा होते. आम्ही हा प्रश्न मुस्लिम देश म्हणून इराणची कड घेऊन मांडला. तो नियमाचा प्रश्न म्हणून मांडला असता, तर त्याला अधिक कान मिळाले असते.

वीराची लवचीकता

निर्बंध वाढत गेले. २०१२ मध्ये युरोपने इराणी तेल घेणे बंद केले आणि इराणी बँकांना आंतरराष्ट्रीय व्यवहाराच्या जाळ्यातून काढले. रियालची किंमत कोसळली. औषधांवर नावाला बंदी नव्हती, पण पैसे पोचवायला बँक नव्हती, त्यामुळे रुग्णांचे हाल झाले. दरम्यान तेहरानच्या रस्त्यांवर अणुशास्त्रज्ञांच्या हत्या होत होत्या आणि नातान्झच्या यंत्रांत संगणकी विषाणू शिरला होता. तरीही २००५ मध्ये ३,००० ला नकार मिळालेल्या इराणने २०१३ पर्यंत सुमारे १९,००० सेंट्रिफ्यूज बसवले. छोटा सौदा नाकारणाऱ्यांपुढे मोठा प्रश्न येऊन उभा राहिला.

मग ओमानचे सुलतान काबूस यांनी मध्यस्थी केली. २०१२ पासून मस्कतमध्ये अमेरिका आणि इराण यांच्या प्रतिनिधींच्या गुप्त बैठका झाल्या. जून २०१३ मध्ये तेच हसन रुहानी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. आणि सप्टेंबरमध्ये त्या काळचे सर्वोच्च नेते अली खामेनेई यांनी क्रांतिरक्षक दलाच्या सेनानींपुढे एक शब्दप्रयोग केला: वीराची लवचीकता. हा शब्द त्यांनी त्या दिवशी घडवला नव्हता. क्रांतीपूर्वी, तरुणपणी, त्यांनी इमाम हसन यांच्या सुलहवरचा एक अरबी ग्रंथ फारसीत आणला होता आणि त्याच्या शीर्षकात हाच प्रयोग होता.

आमच्या वाचकांना इमाम हसन यांची सुलह सांगायला नको. इ. स. ६६१ मध्ये मुआवियांशी समेट करून त्यांनी खिलाफत सोडली आणि मुसलमानांचे आपसातले रक्त वाचवले. त्यांच्याच काही अनुयायांना तो समेट मानहानी वाटला. त्याआधी हुदैबियाला, इ. स. ६२८ मध्ये, हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांनी कुरैशांशी तह केला तेव्हाही हेच घडले होते. कुरैशांच्या वकिलाने हरकत घेतली म्हणून तहाच्या मसुद्यातून ‘रसूलुल्लाह’ हा शब्द काढण्यात आला. सहाबींना ते सहन होईना. तेवढ्यात त्या वकिलाचाच मुलगा अबू जंदल साखळदंडांसह पळून मुसलमानांकडे आला. तहाचे कलम त्याला परत करण्याचे होते, आणि पैगंबरांनी जड मनाने ते पाळले. आम्हाला या प्रसंगातून एकच गोष्ट इथे घ्यायची आहे. तहाची कसोटी सहीच्या वेळी लागत नाही. कलम आपल्याला बोचते तेव्हा लागते. आणि तो बोचणारा क्षण आपल्याच माणसांसमोर निभावावा लागतो.

खामेनेई यांनी अण्वस्त्रे हराम असल्याचा फतवा दिल्याचे इराणने ऑगस्ट २००५ मध्ये अणुऊर्जा संस्थेला कळवले होते. अनेक मुस्लिमांना तो पुरेसा वाटला, पाश्चात्त्यांना अजिबात वाटला नाही. आमच्या मते फतव्याला धर्माच्या जागी मान आहेच. पण शेजाऱ्याला विश्वास वाटावा म्हणून उघडे दार लागते. एखाद्याच्या ईमानावर शंका न घेताही त्याच्या गोदामाची तपासणी मागता येते.

बरजाम

१४ जुलै २०१५ रोजी व्हिएन्नात अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, युरोपीय संघ आणि इराण यांची अखेर समजूत पटली. मजकूर १५९ पानांचा होता. तांत्रिक बाजू अमेरिकेचे ऊर्जामंत्री अर्नेस्ट मोनीझ आणि इराणचे अली अकबर सालेही यांनी सोडवली. सालेही यांनी १९७७ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत डॉक्टरेट मिळवली होती आणि मोनीझ त्याच संस्थेत प्राध्यापक होते. इराणने बसवलेले सेंट्रिफ्यूज ६,१०४ वर आणायचे, १५ वर्षे ३.६७ टक्क्यांपुढे जायचे नाही, साठा ३०० किलोंपेक्षा जास्त ठेवायचा नाही, अराकच्या भट्टीचा गाभा काँक्रीटने भरायचा, असे ठरले. बदल्यात निर्बंध उठणार होते. डिसेंबरमध्ये ११ टनांहून अधिक समृद्ध युरेनियम जहाजाने रशियाला गेले. पुढे मे २०१८ पर्यंत अणुऊर्जा संस्थेचे अहवाल सांगत राहिले, की इराण अटी पाळतो आहे.

इराणी लोक या समजुतीला ‘बरजाम’ म्हणतात. हे तिच्या लांबलचक फारसी नावाचे संक्षिप्त रूप आहे आणि त्या नावाचा अर्थ होतो ‘संयुक्त कृतीचा सर्वसमावेशक कार्यक्रम’. इंग्रजी नावही तसेच. नीट पाहा, नावात कुठेही करार नाही. फारसीत करारासाठी ‘करारदाद’ हा खासा शब्द आहे. तो मुद्दाम टाळला गेला. आणि शेवटच्या पानावर कोणाचीही सही नाही.

याचे कारण दोन्ही राजधान्यांत होते. अमेरिकेत आंतरराष्ट्रीय कराराला सिनेटच्या दोन तृतीयांश मतांची मंजुरी लागते. बराक ओबामा यांना ती मिळणे अशक्य होते. मार्च २०१५ मध्ये ४७ रिपब्लिकन सिनेटरांनी इराणच्या नेत्यांना खुले पत्र लिहून सांगितले होते, की पुढचा अध्यक्ष ही समजूत लेखणीच्या एका फटक्याने रद्द करू शकेल. तेहरानमध्येही विरोध तितकाच होता. संसदेतल्या चर्चेत आपल्याला अराकच्या भट्टीत सिमेंटखाली गाडण्याची धमकी मिळाल्याचे सालेही यांनी सांगितले. म्हणून दोन्हीकडच्या शहाण्या माणसांनी घरच्या विरोधकांना वळसा घालून पलीकडे जाण्याचा मार्ग शोधला. तो हुशारीचा होता, कदाचित त्या वेळी एकमेव होता. पण ज्यांना वळसा घातला ते तिथेच बसून राहिले.

८ मे २०१८ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेला बाहेर काढले. खरोखरच लेखणीचा एक फटका पुरला. निर्बंध परतले. युरोपीय देशांनी निषेध केला, पण त्यांच्या कंपन्या इराणमधून निघून गेल्या. भारताने मे २०१९ पासून इराणी तेल घेणे थांबवले. इराणने वर्षभर वाट पाहिली, मग एकेक मर्यादा ओलांडायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२० मध्ये शास्त्रज्ञ मोहसिन फख्रीजादे यांची हत्या झाली, तेव्हा इराणी संसदेने समृद्धीकरण वाढवण्याचा कायदा केला. एप्रिल २०२१ मध्ये प्रमाण ६० टक्क्यांवर गेले. वीजनिर्मितीसाठी ६० टक्क्यांची गरज नसते. समजूत मोडली अमेरिकेने, हे निर्विवाद. पण तिच्या मोडण्याने आपला इराद्याबद्दलचा दावा सिद्ध होईल असे वागण्याची संधी इराणला मिळाली होती. त्याने उलट दिशेचा रस्ता धरला.

शिक्षेचे कलम

एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा मस्कतला बोलणी सुरू झाली. पाच फेऱ्या झाल्या. सहावी १५ जूनला ठरली होती. १२ जूनला अणुऊर्जा संस्थेच्या मंडळाने इराणविरुद्ध ठराव केला आणि १३ जूनला इस्रायलने हल्ला चढवला. २२ जूनला अमेरिकेने फोर्दो, नातान्झ आणि इस्फहानवर बॉम्ब टाकले. २३ जूनला इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे सोडली आणि आखातातली विमाने काही तास थांबली. ज्यांची माणसे दोह्यात, कुवेतमध्ये, बहारीनमध्ये कामाला आहेत, त्या कोकणातल्या घरांना ही लांबची बातमी नव्हती. बुशहर तेहरानपेक्षा कुवेतला जवळ आहे. २४ जूनला युद्ध थांबले. हल्ल्यांच्या वेळी इराणकडे ६० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेले सुमारे ४४० किलो युरेनियम असल्याचा अणुऊर्जा संस्थेचा अंदाज होता. बॉम्बनंतर तपासनीसांचा तिथला प्रवेश तुटला, त्यामुळे जे मोजलेले होते तेही मोजमापाबाहेर गेले.

बरजाममध्ये एक कलम होते, ‘स्नॅपबॅक’ नावाचे. सहभागी देशांपैकी कोणीही तक्रार केली, तर तीस दिवसांनी संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंध आपोआप परत येतील, आणि ते थांबवायला रशिया-चीनचा नकाराधिकारही चालणार नाही, अशी ती रचना होती. २८ ऑगस्ट २०२५ रोजी ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी यांनी, म्हणजे सादाबादला आलेल्या त्याच तीन देशांनी, ते कलम लावले. रशिया, चीन आणि इराण यांनी ते बेकायदा म्हटले. २८ सप्टेंबरला निर्बंध परतले.

आम्ही ही कहाणी इथे थांबवतो. त्यानंतरचे सगळे अजून बातम्यांचे आहे, इतिहासाचे झालेले नाही. पण इथवरच्या इतिहासात एक गोष्ट स्पष्ट दिसते. १५९ पानांच्या त्या मजकुरात तपासणीची कलमे होती, व्यापाराची होती, संशोधनात सहकार्याची होती. सगळी एकामागून एक निकामी झाली. शेवटपर्यंत चालले ते फक्त शिक्षेचे कलम. कारण ते चालायला कोणाच्या शब्दाची गरज नव्हती. ते आपोआप चालत होते. वचनाच्या कलमांना मात्र दोन्हीकडे जामीन हवे होते. घरच्या विरोधकांसमोर उभे राहून ‘हा आमचा शब्द आहे’ म्हणणारी माणसे हवी होती. अशी माणसे आली, रुहानी आले, ओबामा आले; पण त्यांच्यामागे त्यांचा देश उभा राहिला नाही.

इराणची बाजू घेणाऱ्या आम्हाला आणि इराणला शिव्या देणाऱ्यांना या इतिहासाने सारखेच काही शिकवावे असे वाटते. समेट करून आलेल्या आपल्या माणसाला ‘मोती देऊन गोळी आणली’ म्हणून हिणवणे फार सोपे असते. गावकीच्या भांडणात, मशिदीच्या ट्रस्टमध्ये, दोन जमातींच्या शांतता समितीत आपण ते रोज करतो. समोरच्याशी तह करायला जितकी हिंमत लागते, त्याहून अधिक तो घेऊन घरी यायला लागते. पुढचा मसुदा कधी तरी, कुठल्या तरी मस्कतमध्ये किंवा व्हिएन्नात लिहिला जाईलच. त्याखाली सही असावी, आणि तिच्यामागे तो देशही असावा.